झाडीतली पहिली फेक

मंडळी, विषयाचं नाव वाचून दोघाचौघांनी आधीच विचारलं, हे फ्रिस्बीचंच काहीतरी ना? हो, त्याच घराण्यातलं, डिस्क गोल्फ. नियम गोल्फचे, हातात काठीऐवजी डिस्क, आणि जमिनीतल्या खळग्याऐवजी खांबाला साखळ्या लावलेली बास्केट. कमीत कमी फेकींत तिथं पोचायचं. एड हेड्रिक या गृहस्थानं 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिलं कायमचं मैदान आखलं आणि पुढच्याच वर्षी खेळाची संघटना काढली. इतिहास एवढा पुरे. पहिली फेक जिथून करायची ती जागा म्हणजे टी, आणि टीपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे होल. मला बोलायचंय ते दाट झाडीतल्या होलबद्दल, त्यातही टीवरून जाणाऱ्या पहिल्या फेकीबद्दल. टीवर उभं राहिल्यावर समोर बास्केट दिसतच नाही, खोडं दिसतात. तिथं काय करायचं?

मुंबईकराला असली झाडी कुठली, असं तुम्ही म्हणाल. राष्ट्रीय उद्यानाकडे बघू नका. ते बिबट्याचं घर आहे, आपल्या डिस्कचं मैदान नव्हे. पण विरारच्या पलीकडे अर्णाळ्याला, पुढे केळव्याला किनाऱ्यालगत सुरूची बनं आहेत. उचलून नेता येणारी बास्केट असली की सराव होतो. अमेरिकेतल्या जंगलात झाडं जशी उगवली तशी उभी असतात. सुरू मात्र लावलेला असतो, ओळीत. त्यामुळे गंमत होते. ओळीच्या रेषेत उभे राहिलात तर लांबच लांब गल्ली दिसते, तिरकी ओळ पकडलीत तर दुसरी गल्ली उघडते, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठंही पाहिलं तर नुसती भिंत.

म्हणून पहिला प्रश्न कुठली डिस्क हा नाही, कुठं उभं राहायचं हा आहे. आपल्याकडे येणारा प्रत्येक नवा खेळाडू टीच्या बरोब्बर मध्यावर जाऊन उभा राहतो, जणू तिथं पाटच मांडलाय. नियम एवढंच सांगतो की डिस्क हातातून सुटताना जमिनीला टेकलेला पाय टीच्या हद्दीत हवा. डावा कोपरा, उजवा कोपरा, अगदी मागची कड, सगळं तुमचंच आहे. समजा एक झाड टीपासून चार मीटरवर आडवं आलंय. तुम्ही साठ सेंटिमीटर बाजूला सरकलात की ते झाड तुमच्या नजरेत साडेआठ अंशांनी हलतं. चाळीस मीटरवरचं झाड तेवढ्याच सरकण्यानं एक अंशही हलत नाही. म्हणजे जवळचा अडथळा पायांनी सोडवायचा आणि लांबचा हातानं. मी टीवर आधी रिकाम्या हातानं आडवी चालते, खाली वाकून बघते, मग पिशवीत हात घालते. मागचे लोक वैतागतात, वैतागू देत. तीस सेकंद मिळतात, ती वापरायची.

आता दुसरी गोष्ट, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. या खेळात एक लाडकं वाक्य आहे की झाड म्हणजे नव्वद टक्के हवाच असते. ऐकायला छान. पण डिस्क म्हणजे काही ठिपका नव्हे. गोल्फ डिस्कचा व्यास साधारण एकवीस सेंटिमीटर. पंचवीस सेंटिमीटर जाडीचं सुरूचं खोड असेल, तर सपाट उडणाऱ्या डिस्कच्या हिशेबानं ते शेहेचाळीस सेंटिमीटरचं झालं, कारण डिस्कचा मध्य खोडाच्या दोन्ही अंगांना साडेदहा सेंटिमीटर लांबून गेला पाहिजे. दोन खोडांमधली दोन मीटरची फट अशी एक मीटर ऐंशीची उरते. ही फट दहा मीटरवर असेल तर दोन्ही बाजूंना मिळून तुम्हाला दहा अंशांची मुभा आहे. बरा खेळाडू ती सहज साधतो. तीच फट तीस मीटरवर गेली की मुभा साडेतीन अंशांवर येते, म्हणजे एका बाजूला पावणेदोन. इथं हौशी माणसाचा मनगटाचा भरवसा संपतो.

मग लांबची फट टाळायची का? उलट. लांबची चुकली तर फार बिघडत नाही. पंचाहत्तर मीटरचा होल धरा. पन्नास मीटरवरच्या झाडाला डिस्क लागली तर ती तिथंच कुठंतरी पडते, पुढे पंचवीस मीटर राहतात, दुसऱ्या फेकीत बास्केटपाशी, तिसऱ्या फेकीत आत. काही गमावलं नाही. पण आठ मीटरवरच्या पहिल्या झाडाला लागली तर डिस्क कुठल्याही बाजूला उडते, कधी तुमच्या मागेसुद्धा, आणि सगळी झाडी परत समोर उभी. सगळ्यात महाग झाड ते जे टीच्या सगळ्यात जवळ आहे. म्हणून मी लोकांना सांगते, टीवरून बास्केट विसरा, पहिले वीस मीटर स्वच्छ पार करणारी रेषा निवडा, मग ती जिथं नेईल तिथं जा. कॅरममध्ये नवशिक्याची नजर भोकावर असते आणि मुरलेल्याची स्ट्रायकर कुठं थांबेल त्यावर. इथंही तसंच, डिस्क कुठं पडली तर पुढची फेक मोकळी मिळेल ते आधी ठरवायचं.

डिस्कच्या निवडीचं थोडक्यात सांगते, कारण दुकानदार यावर तासभर बोलतात. डिस्कवर सहसा चार आकडे असतात: वेग, तरंगणं, आधी कलणं आणि शेवटी वळणं. उजव्या हातानं बॅकहँड टाकलेली डिस्क वेगात असताना उजवीकडे कलू बघते आणि वेग उतरला की डावीकडे वळून पडते. मोठ्या वेगाच्या ड्रायव्हरला, म्हणजे लांब फेकीच्या डिस्कला, तो वेग दिला नाही तर ती लगेच डावीकडे बसते. झाडीत आपण जोर आवरूनच टाकतो, तेव्हा ड्रायव्हर हा सगळ्यात वाईट सोबती. सरळ गल्ली असेल तर पटर किंवा मिडरेंज, म्हणजे कमी वेगाची डिस्क, सावकाश, सपाट. शिवाजी पार्कात अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ, खेळलेली मंडळी इथं असतील, त्यांना हे रुचत नाही. त्यांची सवय एकशे पंचाहत्तर ग्रॅमची मोठी डिस्क लांब तरंगत ठेवायची. पण फोरहँड त्यांचा आयता तयार असतो, आणि झाडीत त्याचं मोल फार. गल्ली शेवटी उजवीकडे वळत असेल तर उजव्या हाताच्या माणसाला फोरहँडच हवा, कारण त्याची फिरकी उलटी, तो उजवीकडे उतरतो. डावरे असाल तर हे सगळं आरशात बघा. शिवाय फोरहँडला तोंड पुढे असतं, फट शेवटपर्यंत नजरेसमोर राहते. बॅकहँडमध्ये क्षणभर का होईना तुम्ही तिला पाठ करता.

वरच्या फांद्यांचं मात्र लोक विसरतात. सुरूखाली हा प्रश्न कमी, पण आपल्या वसाहतींतल्या पर्जन्यवृक्षाखाली खेळून बघा, छप्परच असतं. डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर राहिलं की ती चढते आणि पानांत शिरते. अशा वेळी धावत येऊ नका. उभ्या जागेवरून, कमरेच्या खालून, नाक दाबून टाका. पावसाळ्यात तर धावणं नकोच. सुरूच्या गळून पडलेल्या काड्या ओल्या झाल्या की पाय भुईवर ठरत नाही. एक कोरडा पंचा कमरेला हवा, डिस्कची कड प्रत्येक वेळी पुसायची.

फांदी आड येते म्हणून ती वाकवून बांधायची, मोडायची, हे नियमात बसत नाही. उभं राहतानाही फांदी कमीत कमी हलेल असंच उभं राहायचं, नाहीतर दंडाची फेक. आणि मुंबईत तर खेळाच्या नियमांच्याही वर कायदा आहे: नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा अधिनियम, तोही 1975 चाच. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून फट रुंद करता येत नाही. बरंच आहे. फट रुंद करत गेलं तर तो होल उरतो कुठं?

एवढं करूनही डिस्क झाडीत शिरणार. तेव्हा काय? तिथूनच पुन्हा बास्केटकडे फट शोधत बसणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. डिस्क पडली तिथं खूण ठेवायची, तिच्या मागच्या वीस बाय तीस सेंटिमीटरच्या चौकटीत एक पाय ठेवायचा, दुसरा पाय बाजूला हवा तेवढा ताणायचा, फक्त बास्केटच्या जवळ न्यायचा नाही. एवढ्या ताणण्यानं पुष्कळदा एक मीटरची नवी खिडकी मिळते. नाही मिळाली तर मुकाट्यानं आडवी डिस्क टाकून गल्लीत परत या. एक फेक जाईल, चार वाचतील.

यावर कुणीतरी जेम्स कॉनरॅड या अमेरिकन खेळाडूचा व्हिडिओ दाखवतं. 2021 ची जागतिक स्पर्धा, युटामधलं ऑग्डेन, शेवटचा होल. 247 फुटांवरून त्यानं डिस्क थेट बास्केटमध्ये घातली, आघाडीवरच्या पॉल मॅकबेथशी बरोबरी केली आणि बरोबरी तोडायला खेळलेल्या जादा होलवर विजेतेपद नेलं. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिलाय विचारू नका. पण त्यातलं गणित बघा. तो एका फेकीनं मागे होता, मॅकबेथचा विजय जवळजवळ निश्चित होता. सुरक्षित खेळला असता तर हरलाच असता. त्याच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता; तुम्ही रविवारी सकाळी तिसऱ्या होलवर असता तेव्हा तुमच्यापुढे पाच असतात.

मागून चिठ्ठी आलीय: डिस्क झाडावरच अडकली तर? जिथं अडकली त्याच्या सरळ खाली जमिनीवर खूण करायची आणि तिथून खेळायचं. दोन मीटरच्या वर अडकली म्हणून दंड फक्त आयोजकानं तसं आधी जाहीर केलं असेल तरच. ती काढण्यासाठी बांबू न्या. चप्पल फेकू नका. सुरूला चप्पलही छान अडकते, आणि तिच्यासाठी नियमात काही सोय नाही.