मासळीवर लिंबू पिळलं की नक्की काय होतं?

ठाणे पूर्व, चेंदणी कोळीवाडा. म्हावरं साफ करून झालं की आई त्यावर लिंबू पिळते, मग मीठ, हळद, आणि जरा वेळाने तो उग्र वास बराच कमी होतो. हे घरोघरी चालतं, पण बारावीच्या अमाइन्सची, म्हणजे अमोनियातल्या हायड्रोजनच्या जागी कार्बनचे ग्रुप आलेल्या संयुगांची, सुरुवात मी तरी इथूनच करेन.

तो वास ट्रायमिथाइलअमाइनचा. समुद्राच्या मासळीत त्याचं ऑक्साइड असतं, मासळी ठेवली की बॅक्टेरिया त्याचं अमाइन करतात. त्याच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची एक जोडी मोकळी असते, म्हणजे आपली लोन पेअर, ती लिंबातल्या सायट्रिक अ‍ॅसिडचा प्रोटॉन पकडते, अमाइनचा क्षार होतो आणि क्षार काही हवेत उडत नाही, मग वास येणार कुठून. बेसिक स्ट्रेंथ म्हणतात ती हीच, प्रोटॉन पकडायची ताकद.

आता मिथाइल ग्रुप, म्हणजे सीएचथ्री, नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉन ढकलतो, मग तीन मिथाइलवालं सगळ्यात स्ट्राँग पाहिजे ना? गॅस फेजमध्ये, म्हणजे पाणी नसताना, आहेच तसं. पण पाण्यात पीकेबी बघा, म्हणजे बेसची ताकद सांगणारा आकडा, जेवढी कमी तेवढा बेस स्ट्राँग: डायमिथाइल (दोन मिथाइलवालं) 3.27, मिथाइल 3.38, ट्रायमिथाइल 4.22, अमोनिया 4.75. तीन मिथाइलवालं थेट तिसऱ्या नंबरवर! कारण प्रोटॉन घेतल्यावर जो आयन बनतो त्याला पाणी सांभाळतं, नायट्रोजनवरच्या हायड्रोजनना हायड्रोजन बाँडने धरून, आणि मिथाइलवाल्या आयनकडे असे तीन हायड्रोजन आहेत, ट्रायमिथाइलवाल्याकडे एकच, त्यात आजूबाजूला मिथाइलची गर्दी. मुलं ऑर्डर पाठ करतात आणि पाण्याला विसरतात, मग पेपरात मिथाइलऐवजी इथाइल आलं की अडकतात, कारण तिथे डाय 3.00, ट्राय 3.25, मोनो 3.29, म्हणजे ट्राय आणि मोनोची अदलाबदल.

अनिलिनची, म्हणजे नायट्रोजन थेट बेंझिनच्या रिंगला जोडलेल्या अमाइनची, गोष्ट वेगळी. पीकेबी 9.38, मिथाइलअमाइनपेक्षा बरोब्बर 6 ने जास्त, आणि हे आकडे लॉगमधले असतात म्हणून 6 चा फरक म्हणजे दहा लाख पट कमजोर. जोडी आहे, पण ती बेंझिनच्या रिंगमध्ये पसरलेली, प्रोटॉनसाठी फारशी मोकळी राहत नाही. रिंग आणि नायट्रोजनच्या मध्ये एक सीएचटू घाला, बेंझाइलअमाइन झालं, आता जोडी रिंगपर्यंत पोचत नाही आणि पीकेबी 4.70 वर येते, जवळपास अमोनियाएवढी.