शेतकऱ्याने कोणाला विचारलं?

बंधुभगिनींनो, प्रायश्चित्तकाळात पैशावर बोलायचं म्हटलं की ऐकणाऱ्याचा हात आपसूक खिशाकडे जातो. घाबरू नका, आज दानपेटी फिरणार नाही.

लूकच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायातला शेतकरी तुम्हाला ठाऊक आहे. पीक भरघोस आलं, कोठारं पुरेनात. जुनी पाडू, मोठी बांधू, मग बसून खाऊ, असं त्याने ठरवलं आणि त्याच रात्री देवाचं बोलावणं आलं. लहानपणापासून मी ऐकलं की हा माणूस लोभी होता. पण गोष्ट नीट वाचा. त्याने कुणाचा बांध कोरला नव्हता, कुणाची मजुरी बुडवली नव्हती. जमीनच पिकली. त्याला कुणी चोर म्हणत नाही. देव त्याला मूर्ख म्हणतो. का? मला वाटतं, एवढा मोठा निर्णय घेताना हा गृहस्थ फक्त स्वतःशीच बोलतो. 'मी काय करू?' हा प्रश्नही त्याचा, उत्तरही त्याचंच. गोष्टीत बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही.

चौथ्या शतकात कप्पदुकियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, कैसरियाचे संत बेसिल यांनी याच दृष्टान्तावर प्रवचन केलं. 369 च्या सुमारास तिकडे दुष्काळ पडला होता. बेसिल श्रोत्यांपुढे एक बाप उभा करतात. घरात दाणा नाही, पोटचं एक मूल विकायचं आहे. थोरलं विकू की धाकटं? तो रडतोय, आणि विकत घेणारा भावात घासाघीस करतोय! पुढे ते म्हणतात, तुझ्या घरात राखून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतला अंगरखा उघड्याचा, कुजत पडलेले जोडे अनवाण्याचे. 'त्यांना द्यावेत' असं नाही, 'त्यांचे आहेत'. म्हणजे आपण दान म्हणून मिरवतो ती खरं तर परतफेड. बेसिल नुसते बोलले नाहीत. शहराबाहेर त्यांनी गरिबांसाठी, आजाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी मोठा आसरा उभा केला.

आता आपल्या वसईकडे या. 1918 साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी इथे सहकारी पतसंस्था काढली, तिचीच पुढे बँक झाली. वाडीवाल्याने सावकाराच्या दारी जाऊ नये, आपल्याच माणसांच्या बचतीतून त्याला कर्ज मिळावं, हा हेतू. देवळाला झुंबर देणाऱ्यापेक्षा मला त्या संस्थेचे पहिले सभासद जास्त ख्रिस्ती वाटतात. राग मानू नका, झुंबर दिलेले दोघे-तिघे समोरच बसलेत. पण त्या सभासदाचा पैसा कोणाच्या कामी येणार, हे त्याने एकट्याने ठरवलं नव्हतं.

मग वाड्यांचे भाव चढले. केळीच्या बागेचा गुंठ्यावर हिशेब सुरू झाला. जमीन विकणं पाप आहे असं मी म्हणणार नाही. मुलीचं शिक्षण, आजारपण, प्रत्येकाची अडचण वेगळी. आमच्याही घरी वाडी विकायची बोलणी झाली. रक्कम ठरली, कोणाला किती ते ठरलं, मोठा हॉल घेऊन लग्न करायचं तेही ठरलं. थोरली आत्या कोपऱ्यात सुकेळी सोलत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "आपल्या विहिरीवर खालच्या तीन घरांचं पाणी आहे. त्यांना कोणी विचारलंय का?"

त्या दिवशी कागदावर सह्या झाल्या नाहीत.