टेबलाच्या खणातलं अमेरिकन साहित्य

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय : 'अमेरिकन साहित्य, आरंभापासून आजपर्यंत'. वेळ दिलीय पाऊण तास. पावणेचारशे वर्षांना पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला आठ वर्षं. एवढ्या वेगानं तर आमच्या खात्यात पगारवाढसुद्धा झाली नाही. आता परिचयात मला 'साहित्याचे अभ्यासक' म्हटलं गेलं. तसं काही नाही. मी 36 वर्षं एका सरकारी खात्यात काढली. नाव घेत नाही, पेन्शन चालू आहे.

तर माझा एक लाडका सिद्धान्त आहे. घरात तो आता कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे आलो. तो असा की अमेरिकन साहित्य समजून घ्यायचं तर विद्यापीठात जाऊ नका, कस्टम हाऊसमध्ये, म्हणजे बंदरावरच्या जकात कचेरीत जा.

हे सुचलं एका मेमोमुळे. माझ्या टेबलाच्या खणात साहेबांना 'मोबी डिक' ही देवमाशाच्या शिकारीवरची अमेरिकन कादंबरी सापडली. 'कार्यालयीन वेळेत अवांतर वाचन', खुलासा करा. मी खुलाशात लिहिलं, की सदर पुस्तकाचा लेखक हर्मन मेलव्हिल हा स्वतः 19 वर्षं सरकारी नोकर होता. त्यावर साहेबांचा शेरा आला : 'सदर इसम या आस्थापनेवर नाही.' तो कागद मी जपून ठेवलाय. 'मोबी डिक'च्या 32व्या प्रकरणात खूण म्हणून घातलाय. देवमाशांच्या जातींचं प्रकरण आहे ते. बहुतेक वाचक तिथेच रुततात, मीही तीनदा रुतलो.

हसू नका, पण मेलव्हिलचं प्रकरण खरंच आपल्यापैकी कुणाचंही असू शकतं. 'मोबी डिक' 1851 साली आलं आणि आपटलं. घर चालवायचं कसं? शेवटी 1866 मध्ये तो न्यूयॉर्क बंदरावर कस्टम इन्स्पेक्टर म्हणून लागला. रोजचे चार डॉलर. जहाजावर चढायचं, माल तपासायचा, नोंद करायची. ते खातं त्या काळी खाबूगिरीसाठी कुप्रसिद्ध, आणि आमचा हा माणूस त्यात हात न ओला करता 1885 अखेरपर्यंत टिकला. बढती? ती कसली! रात्री घरी येऊन लिहायचा. त्यात 18,000 ओळींची एक कविता लिहिली. होय, एकच. काकांनी छपाईचे पैसे दिले म्हणून ती छापली गेली. 1891 साली तो गेला आणि 1919 मध्ये नातीनं एका संशोधकाच्या हाती जुने कागद दिले. त्यात 'बिली बड' ही त्याची कादंबरी निघाली. 1924 ला छापली.

ज्याला 'मोबी डिक' अर्पण केलंय तो नथॅनिएल हॉथॉर्नही कस्टममधलाच! आधी बॉस्टनला कोळसा आणि मीठ मोजायचा, पुढे सेलम बंदरावर सर्व्हेअर, म्हणजे कस्टमचाच एक अधिकारी. 1849 मध्ये सरकार बदललं आणि याची नोकरी गेली. आपल्याकडे निदान गडचिरोलीला बदली करतात! सांगतात की तो पडल्या चेहऱ्यानं घरी आला, तर बायको सोफिया म्हणाली, बरं झालं, आता पुस्तक लिहा, आणि घरखर्चातून साठवलेले पैसे पुढे ठेवले. पुढच्याच वर्षी 'द स्कार्लेट लेटर' आलं. त्याच्या सुरुवातीला त्यानं कचेरीतल्या म्हाताऱ्या सहकाऱ्यांचं वर्णन केलंय : भिंतीला खुर्ची टेकवून झोपणारे. गाव खवळलं. दुसऱ्या आवृत्तीत यानं एक शब्दही बदलला नाही.

आणि कवी वॉल्ट व्हिटमन! 1865 साली वॉशिंग्टनच्या कचेरीत त्याच्या टेबलात 'लीव्हज ऑफ ग्रास' सापडलं. साहेबांनी काढून टाकलं. मला निदान दुसऱ्याच्या पुस्तकासाठी मेमो मिळाला, याला स्वतःच्याच...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरेरे, अजून आरंभसुद्धा झालेला नाही.

बरं, सिद्धान्त थोडक्यात. कस्टमवाला दोनच गोष्टी विचारतो : कुठून आलात आणि काय आणलंत? अमेरिकन लेखक हेच स्वतःला विचारत आलाय. ॲन ब्रॅडस्ट्रीट 1630 मध्ये इंग्लंडहून जहाजानं आली, पण तिच्या कविता उलट्या गेल्या. मेहुण्यानं परस्पर लंडनला नेऊन 1650 मध्ये छापल्या. फिलिस व्हीटली तर स्वतःच माल म्हणून उतरली. 1761 साली, आफ्रिकेतून आणलेली सात-आठ वर्षांची गुलाम मुलगी. जहाजाचं नाव फिलिस, म्हणून तिचंही तेच. 1773 मध्ये तिचं पुस्तक निघालं, तेव्हा कविता हिनंच लिहिल्यात असा बॉस्टनच्या 18 प्रतिष्ठितांचा दाखला जोडावा लागला. दाखल्याशिवाय माल सुटत नाही! आपल्याकडे 1972 साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर उभी राहिली, तो धागा इथवर मागे नेता येतो. त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

निबंधकार थोरो वॉल्डन तळ्याकाठी गीता वाचतो. तळ्याचा बर्फ कापून जहाजानं परदेशी पाठवायला नेणारे दिसतात, तेव्हा लिहितो की आता मुंबई-मद्रासचे लोक माझ्या विहिरीचं पाणी पिणार. दुर्गाबाई भागवतांनी तो मराठीत आणला, म्हणजे पाणी पोचलं. मार्क ट्वेन 1896 मध्ये मुंबईत आला तो कर्ज फेडण्यासाठी व्याख्यानं देत, आणि इथल्या कावळ्यांवर लुब्ध झाला. कवयित्री एमिली डिकिन्सननं तर दारच उघडलं नाही. सुमारे 1,800 कविता, हयातीत छापल्या जेमतेम दहा. टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड' कादंबरीत गुलामांच्या जहाजाच्या तळघरातली माणसं परत बोलतात. झुंपा लाहिरी, बंगाली आईबापांची लेक, पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार 2000 साली, ती तर आपल्याच सामानाची यादी. आणि स्कॉट मोमडे, कायोवा आदिवासी, पुलित्झर 1969. हे लोक जहाजानं आलेच नव्हते. माझा सिद्धान्त इथे गडगडतो, हे कबूल करतो.

दुसरी चिठ्ठी. एडगर ॲलन पो राहिला. हेमिंग्वे राहिला, पण पुलंच्या 'एका कोळियाने'तून तो तुमच्याकडे आधीच पोचलाय. जीव तुटतो तो कादंबरीकार विल्यम फॉकनरसाठी. तो पोस्टमास्तर होता हो, मिसिसिपी विद्यापीठाच्या पोस्टात! टपाल टाकून पत्ते कुटायचा. तक्रारी झाल्या तेव्हा 1924 मध्ये राजीनामा दिला : दोन सेंटचं तिकीट घ्यायची ऐपत असलेल्या प्रत्येक भटक्या बदमाशाच्या तालावर मी नाचणार नाही. पोस्टातले जोशी पहिल्या रांगेत बसलेत, त्यांनी राग मानू नये. बाकीचं चहा घेताना सांगतो.