हलकं काडतूस, घरच्या गॅरेजात भरलेलं

पैसे वाचतील म्हणून लोक काडतुसं घरी भरायला घेतात, पण खरं सांगायचं तर बारा बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप) चकत्यांवर नेम धरायचं साधं टार्गेट काडतूस अमेरिकेतल्या दुकानात ज्या भावाला मिळतं आणि घरी भरून ज्या भावाला पडतं, त्यात आता फारसा फरक राहिलेला नाही. शिसं महाग झालंय, आणि २०२० नंतर तर प्रायमरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीचा, असा दुष्काळ पडला की दुकानांचे रॅक रिकामे होते. तरी विस्कॉन्सिन, ओहायो, इलिनॉयकडच्या कितीतरी गॅरेजात, वॉशिंग मशीनच्या शेजारी टेबलाला बोल्टने आवळलेला काडतुसं भरायचा हा असा प्रेस तुम्हाला आजही दिसेल, आणि तो धूळ खात पडलेला नसतो.

वाचतात पैसे, पण छोट्या बोअरमध्ये. स्कीट या उडत्या चकत्या फोडायच्या खेळात बारा, वीस, अठ्ठावीस आणि फोर-टेन अशा चार मापांच्या बंदुका चालवतात, बारा सगळ्यात मोठं माप, फोर-टेन सगळ्यात छोटं. आता फोर-टेनच्या काडतुसात शिसं बाराच्या निम्म्याहून कमी, पण दुकानात ते बाराच्या बॉक्सपेक्षा महाग, कारण बनतंच कमी. त्यामुळे अठ्ठावीस आणि फोर-टेनवाले भरणारच, त्यांना विचारायचीही गरज नाही.

बारा बोअरवाला का भरतो, याचं उत्तर खांद्यात आहे.

ट्रॅप हाही चकत्या फोडायचाच खेळ, त्याची एक राउंड २५ चकत्यांची, आणि स्पर्धेच्या दिवशी शंभर-दोनशे बार सहज होतात. जुनं नेहमीचं टार्गेट काडतूस १ १/८ औंस छर्ऱ्यांचं, म्हणजे ३२ ग्रॅम. तेच ७/८ औंसावर आणलं, म्हणजे जवळपास २५ ग्रॅम, तर बंदूक तीच आणि वेग तोच ठेवला तरी खांद्यावर येणारा दणका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. आणि हा काही कच्च्या खेळाडूचा बार नाही हां, ऑलिंपिकला ट्रॅप आणि स्कीटमध्ये नियमच २४ ग्रॅमचा आहे. आठ नंबरचे छर्रे घेतले तर त्यात साधारण ३६० दाणे येतात, समोरची चकती असते ११ सेंटिमीटरच्या आतबाहेर, ती फुटायला त्यातले मोजके दाणे लागले तरी पुरतात. वय झालेले लोक, खांद्याचं ऑपरेशन झालेले, पहिल्यांदाच बंदूक हातात घेणारी पोरं, या सगळ्यांना हलकंच हवं असतं, कारण दणक्याच्या भीतीने माणूस ट्रिगर दाबायच्या क्षणी डोळे मिटतो किंवा अंग चोरतो, आणि एकदा का ही सवय लागली की ती सुटता सुटत नाही. दुकानात हलकी काडतुसं मिळतात, नाही असं नाही, पण सगळीकडे नाही आणि हवी तेव्हा नाही. घरी भरलं तर शिशाची २५ पौंडांची पिशवीही जास्त पुरते, ३२ ग्रॅमने भरलं तर साडेतीनशे काडतुसं, ७/८ औंसाने भरलं तर साडेचारशे. एक मात्र आहे, सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीला फार हलका बार कधीकधी पुरत नाही, पुढचं काडतूस वर येतच नाही, मोडून उघडायच्या दुनळीला असली काही तक्रार नसते.

आता प्रेसजवळ येऊ. हा मेक ६०० ज्युनियर, विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावच्या कंपनीचा. एका वेळी एकच काडतूस, पाच जागांवरून हाताने पुढे सरकवत न्यायचं. पहिल्या जागेवर वापरलेली पुंगळी, म्हणजे उडवलेल्या काडतुसाचं रिकामं कवच, ठेवून हँडल ओढलं की जुना प्रायमर खाली टकदिशी पडतो आणि बुडाची धातूची टोपी, जी बार उडताना थोडी फुगलेली असते, ती परत मापात येते. दुसरीकडे नवा प्रायमर बसतो. तिसरी जागा महत्त्वाची, तिथे वर दोन बाटल्या उलट्या लावल्यात, एकीत पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, एकीत छर्रे, आणि खाली सरकणारी एक पट्टी. पट्टी एका बाजूला ढकलली की मापात पावडर पडते, मग प्लास्टिकचा वॉड, म्हणजे पावडर आणि छर्ऱ्यांच्या मधला पेला, खाली दाबायचा, मग पट्टी दुसऱ्या बाजूला, आणि छर्रे सर्रकन आत. पावडर, वॉड, छर्रे. कोकणात शेत राखायला लायसनची ठासणीची बंदूक ज्यांच्या घरात आहे त्यांना हा क्रम सांगायला नको, आधी दारू, मग ठासणी, मग छर्रे, फरक एवढाच की तिथे बार नळीत भरतात आणि इथे पुंगळीत.

त्या पट्टीतल्या मापाबद्दल एक गोष्ट. ते पावडर वजनाने नाही, जागेने मोजतं. प्रेसच्या चार्टवर छापलेला आकडा आणि काट्यावर दिसणारा आकडा बरेचदा जुळत नाही, दमट हवा, बाटली किती भरलीये, हँडल किती जोरात आपटलं, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून टेबलावर हा छोटा काटा, ग्रेनमध्ये मोजणारा, एका पौंडात ७००० ग्रेन. सुरुवातीला आणि मध्येमध्ये बार वजन करून बघायचा. जो हे करत नाही त्याच्या शेजारी रेंजवर उभं राहायला मला तरी आवडणार नाही.

चौथ्या आणि पाचव्या जागेवर तोंड बंद होतं. टार्गेटच्या बहुतेक पुंगळ्यांना आठ घड्या असतात, काहींना सहा, आणि घडी घालणारा भाग त्याच मापाचा लागतो, आठच्या पुंगळीवर सहाचा चालवला की तोंडाचा पार चुरा. इथे हलक्या काडतुसाची खरी कटकट कळते. छर्रे कमी, म्हणजे आत जागा उरते, म्हणजे घडी मध्ये खचते आणि भोक राहतं, त्यातून दाणे बाहेर. त्यावर उपाय म्हणजे त्या हलक्या काडतुसासाठीच बनवलेला, खालून जास्त उंच असलेला वॉड, विंचेस्टर कंपनीचा १ औंसवाला गुलाबी वॉड तर रेंजवर जिथे तिथे पडलेला दिसतो, त्याच्या पाकळ्या उघडलेल्या असतात. तोंड नीट बंद झालं नाही तर पावडर नीट जळत नाही, थंडीत तर अजूनच नाही, नळीत अर्धवट जळलेले कण राहतात आणि आवाजही पुचाट येतो.

पूर्वी तोंडाला पुठ्ठ्याची चकती लावून कडा गोल वळवायचे, पुंगळ्याही कागदाच्या असायच्या. १९६० मध्ये रेमिंग्टन कंपनीने प्लास्टिकची पुंगळी आणली, आणि मग घरी भरणाऱ्यांची चांदी झाली, कारण चांगली पुंगळी पाच-सहा वेळा आरामात परत भरता येते. तोंडाला चिरा दिसल्या की मात्र सरळ कचऱ्यात.

आता धोक्याचं. सगळ्यात मोठा नियम, पुंगळी, प्रायमर, पावडर, वॉड आणि छर्ऱ्यांचं वजन, या पाचांची जोडी पावडर कंपनीच्या छापील तक्त्यात जशी दिलीये तशीच. यातलं एक बदललं तरी प्रेशर बदलतं, अगदी नुसता प्रायमर दुसऱ्या कंपनीचा घातला तरी. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाची प्रेशरची मर्यादा ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे, तिथे अंदाजपंचे चालत नाही. म्हणून या व्हिडिओत कुठलाही आकडा पावडरचा दिलेला नाही, तो तक्त्यातूनच घ्यायचा. आणि डब्यावरचं लेबल गेलेली पावडर कितीही ओळखीची वाटली तरी वापरायची नाही. रेड डॉट नावाच्या पावडरीत लाल कण असतात, ग्रीन डॉटमध्ये हिरवे, ते ओळखीसाठीच, पण तेवढ्यावर विश्वास टाकणारा माणूस फार धाडसी म्हणायचा.

डबल पावडर पडली तर काय होईल हे सगळ्यांना कळतं. न पडलेली पावडर जास्त फसवी. प्रायमर एकटाच उडतो, फुस्स असा आवाज येतो, छर्रे दहा पावलांवर सांडतात आणि वॉड नळीत अडकून बसतो. बघणारे हसतात. आणि त्याच घाईत पुढचा बार झाला तर नळी फाटते. म्हणून आवाज वेगळा आला की थांबायचं, बंदूक मोडून उघडायची, रिकामी करायची, नळीतून आरपार उजेड दिसतोय का बघायचं, मागचे थांबले तर थांबू देत. दुसरं, वीस बोअरचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, वरून रिकामंच दिसतं, आणि मग मागून बाराचं भरलं की संपलं. वीसची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी, आणि या टेबलावर एका वेळी एकाच बोअरचा माल असतो तोही याचसाठी.

हात धुणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि तेच लोक टाळतात. छर्रे शिशाचे, जुन्या प्रायमरची काजळीही शिशाची, आणि शेजारी चहाचा कप. तसं करू नका, घरात लहान मूल असेल तर ते टेबल मुळात कुलपातच हवं.

सहा-सात जागांचे प्रोग्रेसिव्ह प्रेस पण मिळतात, दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर, तासाला ढीगभर. आठवड्याला हजार बार उडवणाऱ्याला तेच लागतं. पण शिकायला हा एकेक करणाराच बरा, कारण वॉड घालायच्या आधी पुंगळीत डोकावून पावडर दिसते, स्वतःच्या डोळ्यांनी.

आपल्याकडे हे बघून कोणी उत्साहात येऊ नये. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला लायसन लागत नाही, विकायला मात्र लागतं. भारतात शस्त्र कायद्याखाली दारूगोळा बनवायलाच लायसन लागतं, त्याशिवाय गॅरेजात असं काही मांडलं तर थेट गुन्हा.

राउंड संपली की रेंजवर अजून एक खेळ चालू होतो. ज्यांच्या घरी प्रेस आहे ते लोक पुंगळी उडायच्या आत हातात झेलतात, खिशात टाकतात, आणि जे भरत नाहीत त्यांच्या कचऱ्याच्या बादलीकडे डोळा ठेवून असतात. कारण बऱ्याच क्लबांचा नियम आहे, जमिनीवर पडलेली पुंगळी क्लबची.