व्हाइट हाउसआधी गव्हर्नरकी हवीच का?

[दृश्य: अमेरिकेच्या राज्यघटनेचं पान]

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला घटनेच्या अटी तीनच. वय किमान ३५, जन्माने नागरिक, देशात १४ वर्षं वास्तव्य. कारभार केल्याचा अनुभव घटना विचारत नाही. मतदार विचारतात. १९७६ ते २००४ मध्ये निवडून आलेल्या पाचांपैकी चार जण गव्हर्नरकी (राज्याचं, आपल्या मुख्यमंत्र्यासारखं निवडून मिळणारं पद) करून आले होते: कार्टर, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश.

गव्हर्नर अंदाजपत्रक मांडतो, खात्यांवर माणसं नेमतो, पूर-वादळात यंत्रणा हलवतो. पण राज्यातली सगळी हत्यारं वॉशिंग्टनला चालत नाहीत. बहुतेक राज्यांत त्याला खर्चाच्या विधेयकातल्या नको त्या रकमा तेवढ्या खोडता येतात. राष्ट्राध्यक्षाने विधेयक घ्यायचं तर अख्खं, नाहीतर परत धाडायचं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षालाही तसा अधिकार देऊन पाहिला. सुप्रीम कोर्टाने दोन वर्षांत तो रद्द केला. आणि अनुभवी कार्टर यांनी पहिली अडीच वर्षं व्हाइट हाउसचं कामकाज सांभाळणारा चीफ ऑफ स्टाफच नेमला नव्हता!

बायोडेटाच बघायचा तर लिंकन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन घ्या. खासदार, राजदूत, परराष्ट्रमंत्री. त्यांची मुदत संपायच्या आत सात राज्यं देशातून फुटली. पाठोपाठ आलेल्या लिंकन यांच्या गाठीशी केंद्रातलं होतं काय, तर खासदारकीची एक मुदत आणि न्यू सेलम गावचं पोस्ट.

[दृश्य: क्यूबाचा नकाशा, दक्षिण किनारा]

केनेडी सिनेटमधून थेट आले. एप्रिल १९६१, पदावर जेमतेम तीन महिने. कॅस्ट्रोंचं सरकार उलथायला सुमारे १,४०० सशस्त्र क्यूबन निर्वासित क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरवायचे होते. आधी ठरलेली जागा क्यूबातलंच त्रिनिदाद शहर; बेत फसलाच तर शेजारी एस्काम्ब्रायचे डोंगर. तिथे फार गाजावाजा होईल म्हणून जागा बदलून बे ऑफ पिग्ज केली. आता डोंगर सुमारे १३० किलोमीटर लांब आणि मध्ये दलदल. पळवाट गेली, हे राष्ट्राध्यक्षांपुढे कुणी ठासून मांडलंच नाही. मोहीम फसली.

ऑक्टोबर १९६२. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं. या खेपेला केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत. साहेब समोर नसले की लोक मोकळं बोलतात. सल्लागारांचे दोन गट पाडले, एक हवाई हल्ल्याच्या बाजूचा, दुसरा क्यूबाच्या समुद्री नाकेबंदीच्या. दोघांनी आपापला मसुदा लिहिला, अदलाबदल केली, एकमेकांच्या चुका काढल्या, पुन्हा लिहिला. २२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी केनेडींनी टीव्हीवरून नाकेबंदी जाहीर केली.