चढणीचा मुलूख : उम्ब्रिया

[सकाळ. छोटं रेल्वे स्टेशन. कॅमेरा हळूहळू वर, कड्याच्या माथ्याकडे.]

रोमहून सुटलेली गाडी साधारण सव्वा तासात ऑर्व्हिएतोला येते. स्टेशनाबाहेर पडून इकडेतिकडे पाहिलं, तर गाव कुठेच नाही. मान वर करा. ताशीव तांबूस कडा, त्याच्या माथ्यावर छपरांची रांग आणि त्या रांगेतून डोकं काढून उभं असलेलं कॅथीड्रल. समोरच फ्युनिक्युलरचा थांबा आहे. दोराच्या आधाराने उतारावर चढणारी ही गाडी १८८८ साली सुरू झाली, तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालायची. आता विजेवर चालते. काही मिनिटांत आपण वर.

उम्ब्रियात सुट्टी घालवायची, तर हे मान वर करणं अंगवळणी पाडून घ्यावं लागतं. इथे बघण्यासारखं जे काही आहे, ते बहुतेक चढावर आहे.

इटलीच्या वीस प्रांतांपैकी हा एकच असा, की ज्याला समुद्रही नाही आणि परदेशाची सीमाही नाही. क्षेत्रफळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आत. आपला पुणे जिल्हा याच्या जवळजवळ दुप्पट भरतो. शेजारच्या टस्कनीत फ्लॉरेन्स आहे, पिसाचा कललेला मनोरा आहे, पर्यटकांच्या बसच्या बस आहेत. उम्ब्रियाच्या वाट्याला त्यातलं उरलंसुरलं येतं, आणि मला विचाराल तर त्यातच त्याचं सुख आहे.

[विहिरीचं तोंड. मग आत, अंधारात, खिडक्यांची गोल रांग.]

ऑर्व्हिएतोत वर आलो खरे, पण आधी खाली उतरू या.

१५२७ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात अडकला, आणि डिसेंबरात निसटून या कड्यावर येऊन राहिला. आठव्या हेन्रीचे वकील घटस्फोटाची खटपट करायला इंग्लंडहून आले, तेही इथेच. पण पोपला काळजी निराळी होती. वेढा पडला तर हा कडा अभेद्य, पण पाण्याचं काय? त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुरचनाकाराला विहीर खणायला सांगितली.

ही विहीर ५३ मीटर खोल आहे. पाणी वर आणायचं काम खेचरांचं. भरलेल्या पखाली घेऊन वर येणारं खेचर आणि रिकामं उतरणारं खेचर अरुंद वाटेवर समोरासमोर आलं, तर कोण मागे सरणार? सांगाल्लोने त्याचं उत्तर दगडात दिलं. विहिरीभोवती त्याने दोन जिने फिरवले, एकमेकांत गुंफलेले, पण कुठेही न मिळणारे. एकाने उतरायचं, तळाशी छोट्या पुलावरून पाणी भरून पलीकडे जायचं आणि दुसऱ्याने वर यायचं. पायऱ्या २४८. खेचरांसाठी केलेल्या, म्हणून रुंद आणि बुटक्या. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या ७० खिडक्यांतून उजेड येतो, तो खाली जाताना हिरवट होत होत विझतो. पलीकडच्या जिन्यावरचा माणूस खिडकीतून दिसतो, आपण हात हलवतो, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही.

काम पुरं झालं १५३७ साली. क्लेमेंट त्याआधी तीन वर्षं वारला होता.

[कॅथीड्रलचा दर्शनी भाग. उन्हात चमकणारं सोनेरी मोझेक. मग आतली चॅपेल.]

गावच्या कॅथीड्रलची पायाभरणी १२९० ची. बाजूच्या भिंतींना काळ्या-पांढऱ्या दगडाचे आडवे पट्टे आहेत. दर्शनी भाग इतका नटलेला आहे, की डोळा कुठे ठेवावा कळत नाही. पण वेळ राखून ठेवा तो आत, उजव्या हाताच्या सान ब्रिझिओ चॅपेलसाठी. लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात इथे जगाचा शेवट रंगवला. मेलेली माणसं जमिनीतून वर येताहेत. कुणी कोपरं टेकून अंग बाहेर ओढतंय, कुणाच्या हाडांवर अजून मांस चढायचंय. एक सांगाडा तर चक्क हसतोय. एका कोपऱ्यात काळ्या कपड्यात सिन्योरेल्ली स्वतः उभा आहे, शेजारी फ्रा अँजेलिको. त्यानेच हे काम पन्नासेक वर्षांपूर्वी सुरू करून अर्धवट सोडलं होतं. आधीच्या कारागिराला असं शेजारी उभं करून घेणं मला त्या सगळ्या भिंतींहून जास्त लक्षात राहिलं.

[डोंगरउतार. ऑलिव्हची झाडं. एकटं दगडी घर.]

आता गाव सोडून शिवारात.

सायप्रेसच्या झाडांची रांग, द्राक्षांचे मळे आणि मधेच एखादं दगडी घर. कॅलेंडरवर शोभेल असं हे चित्र एका जुन्या व्यवहारातून तयार झालंय. इटालियनमध्ये त्याला मेझाद्रिया म्हणतात. आपल्याकडे शब्द आहे, अर्धेली. जमीन आणि घर मालकाचं, घाम कुळाचा, पीक निम्मंनिम्मं. मध्य इटलीत ही पद्धत मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंत चालली. कुळाचं कुटुंब गावात राहत नसे, शेतातच राहायचं. खाली गुरं, वर माणसं. म्हणून ही घरं अशी एकेकटी, विखुरलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं कारखान्यांकडे गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. घरं ओस पडली.

आज त्यातल्याच कितीतरी घरांत पाहुणे उतरतात. अग्रितुरिस्मो, म्हणजे आपल्याकडचं कृषी पर्यटन. १९८५ च्या कायद्याने घातलेली एक अट फार शहाणपणाची आहे : शेती हा मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणचार जोडधंदा. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात गेलात, तर घरमालक तुमच्याशी बोलायला सापडणार नाही. तो ऑलिव्हच्या झाडाखाली जाळी अंथरत असेल. संध्याकाळी मात्र ताजं तेल ताटात येतं, हिरवंगार, घशाला झोंबणारं. भाजलेल्या पावावर लसूण घासायची आणि वर ते तेल ओतायचं.

पाव मात्र अळणी. पहिल्या घासाला वाटतं, मीठ घालायला विसरले की काय.

[पेरुजा. चढता रस्ता, मग भुयारी गल्ली.]

त्याचं कारण पेरुजा या राजधानीत सांगतात. १५४० साली पोप तिसऱ्या पॉलने मिठावर कर वाढवला. पेरुजाने बंड केलं आणि ते हरलं. लोकांनी मिठाशिवाय पाव भाजायला सुरुवात केली, ती आजतागायत. गोष्ट झकास आहे, पण माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. शेजारच्या टस्कनीतही पाव अळणीच असतो. तिथे कोणता पोप आडवा आला होता?

बंड मात्र खरं, आणि त्याची शिक्षाही खरी. पोपने शहराच्या डोक्यावर किल्ला बांधला, रोक्का पाओलिना. बांधणारा पुन्हा आपला सांगाल्लोच. बंडात पुढे असलेल्या बाल्योनी घराण्याच्या मोहल्ल्यातलं बरंच त्याने पाडलं, उरलेलं वर कमानी टाकून झाकून टाकलं. गल्ल्या, दारं, ओसऱ्या सगळं जमिनीखाली गेलं. १८६० साली पोपची सत्ता गेली आणि पेरुजाकरांनी कुदळी उचलून वरचा किल्ला फोडला. खालच्या गल्ल्या तशाच राहिल्या. आज शहरात वर जायचा सरकता जिना त्यांच्यातून जातो. भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं सोळाव्या शतकात झाकलेल्या दारांवरून सरकत घरी जातात.

वर पोचल्यावर चौकात १२७५ ते १२७८ मध्ये घडवलेलं फोंताना माज्जोरे हे कारंजं आहे. निकोला आणि जोव्हान्नी पिसानो या बापलेकांनी त्याच्या खालच्या टाक्यावर बारा महिन्यांची कामं कोरली. पेरणी, मळणी, द्राक्षतोडणी. राजेरजवाड्यांच्या बरोबरीने शेतकरी. पेरुजीनोची चित्रं बघायची असतील, तर शेजारच्याच पालाझ्झोमध्ये चढा.

[असिसी. गुलाबी दगडाच्या भिंती, पहाट.]

असिसीबद्दल बोलायला लागलं की आवाज आपोआप खाली येतो. कापडव्यापाऱ्याच्या मुलाने बिशपसमोर अंगावरचे कपडेसुद्धा बापाला परत केले, ते हे गाव. संत फ्रान्सिस १२२६ साली गेला. दोनच वर्षांत त्याच्या नावाचं भव्य बॅसिलिका उभं राहू लागलं. ज्याने आयुष्यभर दारिद्र्याला आपली बायको म्हटलं, त्याच्यासाठी एवढं वैभव! त्याला हे रुचलं असतं, असं वाटत नाही.

पण ते झालं नसतं, तर वरच्या चर्चमधली २८ चित्रंही झाली नसती. ती जॉत्तोची की त्याच्या आसपासच्या इतरांची, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आपण पाखरांपुढे प्रवचन देणारा फ्रान्सिस पाहावा. थोडा वाकलेला, हात पुढे, आणि पाखरं खाली बसून ऐकताहेत.

२६ सप्टेंबर १९९७. रात्री भूकंपाचा धक्का बसला. सकाळी नुकसान पाहायला माणसं आत आली असताना दुसरा धक्का बसला आणि छताचे भाग कोसळले. दोन धर्मबंधू आणि दोन तंत्रज्ञ, असे चौघे गेले. चित्रांचा चुरा झाला. पुढे लोकांनी ढिगारा चाळून, नखाएवढे तुकडे वेचून, रंगावरून आणि जाडीवरून जुळवत बसून, जेवढं परत लावता आलं तेवढं लावलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये दारं पुन्हा उघडली. वर पाहिलं की मधेच फिक्या जागा दिसतात. तिथले तुकडे सापडले नाहीत.

ही सारी भूमीच हलती आहे. ३० ऑक्टोबर २०१६ च्या भूकंपात आग्नेय टोकाच्या नॉर्चात संत बेनेडिक्टचं बॅसिलिका कोसळलं, उभी राहिली ती फक्त दर्शनी भिंत. त्याच धक्क्याने वरच्या पठारावरचं कास्तेल्लुच्चो गाव जवळपास भुईसपाट झालं. तरीही शेतकरी तिथे पेरणीला जात राहिले, कारण इथली मसूर. बारीक, पातळ सालीची, भिजत न घालता शिजणारी. मेअखेर ते जुलैच्या सुरुवातीला हे पठार लाल, पिवळं, निळं होतं आणि ते पाहायला गाड्यांची रांग लागते. गंमत म्हणजे ती फुलं पिकाची नाहीतच. मसुरीतलं तण आहे ते! एरवी शेतकऱ्याने शिव्या घातल्या असत्या.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. नॉर्चाची ख्याती डुकराच्या मांसाची, इतकी की इटलीभर तसल्या दुकानाला नॉर्चिनेरिया म्हणतात. मसुरीच्या साध्या आमटीतही सॉसेज निघू शकतं. ‘सेन्झा कार्ने’, मांस नको, हे दोन शब्द पाठ करून जा. आणि गाडी भाड्याने घेतलीत, तर लाल वर्तुळाच्या पाटीवर झेडटीएल ही अक्षरं दिसताच थांबा. गावच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेली, की कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं.

[गुब्बिओ. ढोल, गर्दी, पळणारे खांदे.]

१५ मे ला जमलं, तर गुब्बिओत असा. तीन लाकडी ‘चेरी’, म्हणजे उंच खांब, प्रत्येकाचं वजन तीनशे किलोच्या आसपास, उंची चार मीटरहून जास्त. टोकावर संत उबाल्दो, संत जॉर्ज आणि संत अंतोनिओ यांच्या मूर्ती. माणसं ती खांद्यावर घेऊन गावातून धावतात आणि मग इंजिनो डोंगर चढतात. जोतिबाच्या सासनकाठ्या पाहिलेल्याला ही धुंदी नवी वाटणार नाही. आता शर्यतीचा निकाल ऐका : उबाल्दो पहिला, जॉर्ज दुसरा, अंतोनिओ तिसरा. दरवर्षी. ओलांडायची परवानगीच नाही. मग ईर्ष्या कसली? तर पडायचं नाही, अंतर पडू द्यायचं नाही, आणि उबाल्दोवाल्यांनी वरच्या चर्चमध्ये पोचताच जॉर्ज आत शिरण्याआधी दार लावून घ्यायचं. त्या दारापाशी जी रेटारेटी होते, तीवर गावात पुढे वर्षभर वाद चालतो.

[तिबेर नदीचं खोरं. टेकडीवरचं छोटं गाव.]

शेवटचा चढ मोंतोनेचा. टेकडीवरचं तटबंदीचं इवलंसं गाव, खाली तिबेर नदीच्या वरच्या टप्प्याचं खोरं. बहुतेक प्रवासी हे गाव वगळतात. मराठी माणसाने वगळू नये.

१० जुलै १९४४. याच खोऱ्यात ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ३ऱ्या बटालियनची एक तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीचा नायक सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. तो नायक म्हणजे यशवंत घाडगे, कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचा. सोबत यायला कुणी उरलं नाही, हे त्याला दिसत होतं. तो एकटाच धावला. हातबॉम्ब टाकून त्याने मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्याचा पुतळा आहे. इटलीत त्याची कबर सापडत नाही, कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

२०२३ च्या जुलैत मोंतोनेत त्याच्या नावाने स्मारक उभं राहिलं, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा : आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

[तबकडीवरची सावली. बराच वेळ काहीच आवाज नाही.]

मोंतोने आणि पळसगाव यांच्या रेखांशात साधारण ६१ अंशांचं अंतर आहे. इथे सावली बाराच्या रेघेवर येते, तेव्हा पळसगावात सूर्य चारावर कललेला असतो.