जुनी स्पोर्ट्स कार सुरू व्हायला एवढा वेळ का लावते?

(स्टार्टरची घरघर. एकदा खोकल्यासारखा आवाज. पुन्हा घरघर. मग इंजिन धडाडतं.)

मोजलंत? जवळपास दहा सेकंद. बघणाऱ्याला वाटतं, बॅटरी उतरली. पण बॅटरी ठणठणीत आहे. खरी भानगड आहे कार्ब्युरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची.

कार्ब्युरेटर स्वतःहून पेट्रोल ढकलत नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं गेली की तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीनं जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पेट्रोल वर येतं. थोडक्यात, त्याला वारा लागतो. आणि स्टार्टर इंजिन फिरवतो किती? मिनिटाला साधारण 200 फेरे. इंजिन बांधलंय सहा-सात हजार फेऱ्यांसाठी, गळेही त्याच हिशेबानं रुंद ठेवलेले. 1962 ची फेरारी 250 जीटीओ घ्या. तीन लिटरचं व्ही-12 इंजिन, वेबर कंपनीचे सहा कार्ब्युरेटर, प्रत्येकाला दोन गळे. म्हणजे दर सिलिंडरला स्वतःचा वेगळा गळा! ट्रॅकवर मजाच मजा, पण 200 फेऱ्यांवर त्यातून जेमतेम झुळूक जाते.

वर कॅमशाफ्टही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडाही, शर्यतीच्या वळणाचा. हवा-पेट्रोल आत घेणारे (इनटेक) आणि धूर बाहेर सोडणारे (एक्झॉस्ट) व्हॉल्व्ह बराच वेळ एकदमच उघडे राहतात. जोरात पळताना त्याचा फायदा होतो, हळू फिरताना मात्र उरलीसुरली ओढही जाते.

आता थंडीचं बघू. जळते ती पेट्रोलची वाफ, पातळ पेट्रोल नाही. इंजिन गार असलं की आत आलेलं बरंचसं पेट्रोल मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, भिंतींना चिकटून बसतं. एरवी एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा हे प्रमाण चालतं, पण गार इंजिनाला पेट्रोल त्याहून कितीतरी जास्त द्यावं लागतं. चोक, म्हणजे हवा अडवणारी झडप, ओढायचा तो याचसाठी. चोक नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर दोन-तीनदा दाबायचा. दर दाबाला कार्ब्युरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. सात-आठदा दाबलात तर ठिणगी देणारे प्लग ओले होणार आणि मग बसा! अशा वेळी पेडल पूर्ण खाली दाबून तसंच धरून ठेवायचं, पुन्हा पुन्हा मारायचं नाही, आणि स्टार्टर द्यायचा. भरपूर हवा आत जाते, जादाचं पेट्रोल बाहेर पडतं.

ठिणगीचीही रडकथा आहे. स्टार्टर एवढा करंट खेचतो की बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला कमी वीज मिळते. कॉइलची वीज तोडून ठिणगी पाडणारे पॉइंट झिजलेले असतील तर विचारूच नका.

नव्या गाडीत हे सगळं आधीच उरकलेलं असतं. पंपानं पेट्रोल दाबाखाली तयार ठेवलेलं, इंजिन किती गार आहे ते सेन्सरनं सांगितलेलं, आणि इंजेक्टर मोजून पेट्रोल फवारतो. वाऱ्याची वाट कोणी बघत नाही.

मग माझे दहा सेकंद कशात गेले? गाडी तीन आठवडे उभी होती. तेवढ्यात कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे त्याच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उडून जातं. काही गाड्यांत पंप इंजिनावरच चालतो, तिथं इलाज नाही: पंपासाठी इंजिन फिरायला हवं आणि इंजिनासाठी पंप. पण या गाडीचा पंप विजेवरचा आहे. चावी दिली की टकटक करतो, चेंबर भरले की मंदावतो. मी ते ऐकायला थांबलोच नाही, सरळ स्टार्टर मारला. म्हणजे रिकाम्या चेंबरवर घरघर चालली होती. चूक माझी.

आता हे बघा, दुसऱ्या दिवशी सकाळचं शूटिंग. चावी दिली... टकटक ऐका... मंदावली. पेडल दोनदा. स्टार्टर.

(दोन सेकंद घरघर. इंजिन सुरू.)